'इव्होल्यूशनरिली' म्हणजे नेमकं काय? परळच्या उंदरांकडून आणि 'बॉम्बे ब्लड ग्रुप'कडून समजून घेऊया

सोशल मीडियावर थोडा वेळ घालवला तरी हा शब्द एकदा तरी समोर येतोच. "इव्होल्यूशनरिली पुरुष शिकारी आहेत, घरकाम त्यांच्या रक्तातच नाही." "इव्होल्यूशनरिली आपल्याला गोड आवडतं." "इव्होल्यूशनरिली आपला मेंदू मोबाईलसाठी बनलेला नाही." वाक्याच्या सुरुवातीला हा एक शब्द लावला की पुढच्या वाक्याला एकदम पांढरा कोट चढतो. खाली कमेंटमध्ये कुणी शंका काढली, तर दुसरा कुणीतरी लिहितो, "सायन्स आहे भावा."

खरंच सायन्स असतं का ते? कधी असतं, कधी अजिबात नसतं. हे ओळखायचं तर आधी शब्दाचा अर्थ नीट कळायला हवा.

शब्दाची फोड सोपी आहे. 'इव्होल्यूशन' म्हणजे उत्क्रांती, हे नाम. 'इव्होल्यूशनरी' म्हणजे उत्क्रांतीविषयक, हे विशेषण. आणि 'इव्होल्यूशनरिली' हे क्रियाविशेषण. मराठी शब्दकोशांच्या साइटवर त्याचा अर्थ 'उत्क्रांतीच्या दृष्टीने' असा मिळतो. तो चूक नाही, पण अर्धा आहे. कारण इंग्रजीत हा शब्द दोन वेगळी कामं करतो. एक, एखाद्या गोष्टीकडे उत्क्रांतीच्या नजरेतून बघणं: "उत्क्रांतीच्या दृष्टीने माणूस आणि चिंपांझी जवळचे आहेत." दुसरं, एखादा बदल कोणत्या मार्गाने झाला ते सांगणं: "हा गुण उत्क्रांतीतून आला." पहिल्या वापरात आपण नुसते बघतोय. दुसऱ्या वापरात आपण एक दावा करतोय, आणि दावा म्हटला की पुरावा आला.

रीलवाले बहुतेक वेळा दुसरा दावा करतात आणि पुरावा मागितला की पहिल्या अर्थामागे लपतात.

हा फरक समजायला मुंबईत परळसारखी जागा नाही. आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्था आहे आणि केईएम रुग्णालयही आहे. या दोन ठिकाणी गेल्या शतकात जे सापडलं, त्यात या एका शब्दाचा अख्खा धडा आहे.

प्लेगमधून वाचलेली माणसं आणि वाचलेले उंदीर

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला आणि मुंबईतल्या मोठ्या साथीची नोंद सुरू झाली. लस तयार करण्यासाठी वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या जागेत त्यांनी उष्णतेने मारलेल्या प्लेगच्या जंतूंपासून लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. १९२५ पासून तिला हाफकिन यांचं नाव आहे.

लस घेतलेल्या माणसाला प्लेगपासून काही काळ संरक्षण मिळायचं. हा बदल 'इव्होल्यूशनरिली' झाला का? नाही. ज्याला सुई टोचली त्याच्याच शरीरात तो झाला. त्याच्या पोटी जन्मलेल्या बाळाला त्या लसीचा काही वारसा मिळाला नाही, बाळाला वेगळी सुई घ्यावीच लागणार होती. एका आयुष्यात आलेला आणि त्याच आयुष्याबरोबर संपलेला बदल कितीही मोठा असला तरी त्याला हा शब्द लागत नाही.

आता त्याच शहरातल्या उंदरांकडे बघा. प्लेग मुळात उंदरांचा आजार. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं रक्त शोधत माणसाकडे येतात. पिसवांचा हा दुवा पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवला होता, पण तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेतून काम करताना तो पक्का केला. या कामात हजारो उंदीर पकडून तपासले जात होते, आणि त्यात एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. मुंबईच्या उंदरांना प्लेगचे जंतू टोचले तरी त्यातले बरेच मरत नव्हते. मद्रासला प्लेग फारसा पोचला नव्हता. तिथले उंदीर तेच जंतू टोचल्यावर पटापट मरत होते.

१९३० च्या दशकात हाफकिनचे संचालक साहिब सिंग सोखी आणि त्यांचे सहकारी चित्रे यांनी हेच देशातल्या वेगवेगळ्या शहरांचे उंदीर घेऊन तपासलं. चित्र तसंच निघालं. जिथे प्लेग वर्षानुवर्षं मुक्कामाला होता तिथले उंदीर जास्त चिवट, जिथे तो आलाच नव्हता तिथले नाजूक.

कसं झालं असेल हे? कोणत्याही उंदराने ठरवून ताकद कमावली नाही. साथ आली तेव्हा उंदरांच्या गर्दीत काही जण जन्मतःच थोडे जास्त टिकाऊ होते. बाकीचे मेले. जे उरले त्यांचीच पिल्लं झाली. पुन्हा साथ आली, पुन्हा तीच छाटणी. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत पिल्लं देते आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः आई-बाप व्हायच्या वयात येतात. वर्षाला कमीत कमी तीन पिढ्या धरल्या तरी १८९६ पासून चाळीस वर्षांत उंदरांच्या सव्वाशेच्या आसपास पिढ्या होतात. त्याच काळात माणसाच्या दोन पिढ्यासुद्धा धड झाल्या नव्हत्या.

पण थांबा, इथे एक पेच आहे. गल्लीतून पकडून आणलेल्या उंदराला आधीच प्लेग होऊन गेला असेल आणि तो त्यातून वाचला असेल तर? मग त्याची ताकद ही लस घेतलेल्या माणसासारखीच झाली, कमावलेली. तिला 'इव्होल्यूशनरिली' कसं म्हणणार? म्हणून खरी कसोटी पिल्लांची. ज्यांनी कधी प्लेग बघितलाच नाही, जी प्रयोगशाळेतच जन्मली, त्यांच्यात ती ताकद आहे का? मादागास्करच्या डोंगराळ भागात प्लेग आजही आहे. तिथल्या उंदरांवर अलीकडच्या काळात हीच कसोटी लावली गेली. प्लेगच्या पट्ट्यातल्या उंदरांची प्रयोगशाळेत जन्मलेली पिल्लंसुद्धा प्लेग नसलेल्या भागातल्या पिल्लांपेक्षा जास्त टिकली. तिथे हा शब्द बिनधास्त वापरता येतो.

म्हणजे शब्द लावण्याआधी किती काटेकोर राहावं लागतं बघा. उंदीर टिकले एवढं पुरेसं नाही. ती ताकद वारशाने आली आणि पिढ्यांगणिक तिचं प्रमाण वाढलं, हे दाखवावं लागतं.

आणखी एक गैरसमज इथेच निकालात निघतो. उत्क्रांती म्हटलं की लोकांना कोट्यवधी वर्षं आठवतात. पण घड्याळ वर्षांचं नसतं, पिढ्यांचं असतं. परळच्या शेजारीच शिवडीला टीबीचं मोठं रुग्णालय आहे. टीबीचा जंतू साधारण दिवसातून एकदा दुभंगतो, म्हणजे वर्षभरात त्याच्या तीनशेहून जास्त पिढ्या होतात. रुग्णाने गोळ्या मध्येच सोडल्या, किंवा जंतूवर चालत नाही असं औषध सुरू राहिलं, तर नाजूक जंतू मरतात आणि चिवट जंतूंना रान मोकळं मिळतं. काही महिन्यांत, एकाच माणसाच्या फुप्फुसात, जंतूंची अख्खी वस्ती बदलते. आपल्याकडे याला "शरीराला औषधाची सवय झाली" म्हणतात. शरीराला काही झालेलं नसतं. जंतू बदललेले असतात, आणि हे बदललेले जंतू खोकल्यातून घरातल्या दुसऱ्या माणसाकडे जातात. त्याने आयुष्यात टीबीची एकही गोळी घेतलेली नसली तरी त्याच्यावर ते औषध चालत नाही. 'सवय' म्हटल्यामुळे हा धोका डोळ्याआड होतो. म्हणून डॉक्टर कोर्स पूर्ण करा म्हणून मागे लागतात.

केईएममधलं न जुळणारं रक्त

उंदरांच्या गोष्टीवरून कुणाला वाटेल, की उत्क्रांतीतून जे येतं ते फायद्याचंच असतं. याच रस्त्यावरची दुसरी गोष्ट नेमकी उलटी आहे.

१९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा शोध जाहीर केला. डॉ. भेंडे शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात, म्हणजे केईएमला जोडलेल्या कॉलेजात होते. तिथे असं रक्त सापडलं होतं, जे चाचणीत 'ओ' दिसायचं, पण 'ओ' गटाच्या रक्ताशीही जुळायचं नाही. हाच तो जगभर प्रसिद्ध झालेला 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं नाही.

भानगड काय आहे ती समजून घेऊ. आपल्या लाल पेशींवर 'एच' नावाचा एक साखरेचा तुकडा असतो. हा पाया समजा. त्यावर 'ए'चा मजला चढला की रक्तगट ए, 'बी'चा चढला की बी, दोन्ही चढले की एबी. काहीच चढलं नाही, नुसता पाया राहिला, तर ओ. बॉम्बे गटाच्या माणसाकडे पायाच नसतो. मजला बांधायचं सामान घरात असलं तरी बांधणार कशावर? त्यामुळे चाचणीत ए नाही, बी नाही, म्हणून 'ओ' असं कार्ड बनतं. पण त्याच्या शरीराला 'एच' परका असतो. त्याला साधं ओ रक्त चढवलं तर शरीर त्या पेशींवर तुटून पडतं आणि जिवावर बेतू शकतं. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. म्हणून रक्तपेढीत नुसत्या पेशी तपासून चालत नाही, रक्तातला द्रव भागही ओ पेशींबरोबर मिसळून बघावा लागतो. तिथे चोरी पकडली जाते.

भारतात साधारण दहा हजारांत एक, तर युरोपात दहा लाखांत एक, असा या गटाचा ढोबळ अंदाज सांगितला जातो. इतका फरक का?

आता इथे एखादा रीलवाला काय म्हणेल? "भारतात मलेरिया, कॉलरा खूप. त्यामुळे इव्होल्यूशनरिली भारतीयांचं रक्त तसं बनलं." ऐकायला झकास आहे. पण पुरावा कुठे आहे? बॉम्बे गट असण्याचा एखादा ठोस फायदा पटेल अशा रीतीने आजवर कुणी दाखवलेला नाही. माणूस एरवी ठणठणीत असतो, रक्त लागलं की अडकतो, एवढंच.

मग हा गट इथे जास्त का? वारसा बघा. पाया बांधणारं जनुक आपल्याला आईकडून एक आणि वडिलांकडून एक असं मिळतं. दोन्हीपैकी एक धड असलं तरी काम भागतं. दोन्ही बिघडलेली असतील तरच बॉम्बे गट. १९९७ मध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं, की भारतातल्या तपासलेल्या व्यक्तींमध्ये हे जनुक एकाच विशिष्ट जागी बिघडलेलं होतं आणि त्याच्या शेजारचं जनुकही त्याच पद्धतीने गायब होतं. वेगवेगळ्या माणसांत तंतोतंत तेच दोन बिघाड सापडले, की ते एकाच जुन्या पूर्वजाकडून आले असणार असं मानायला जागा असते. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर भारतीय मजुरांचे वंशज राहतात. त्यांच्यातही हा गट सापडतो. माणसं बोटीत बसून गेली, जनुकही गेलं.

आणि मग आपली लग्नं. पिढ्यानपिढ्या जातीत, पोटजातीत, कधी मामाच्याच मुलीशी. त्यामुळे एकाच पूर्वजाकडून आलेली बिघडलेली प्रत नवऱ्याकडेही असण्याची आणि बायकोकडेही असण्याची शक्यता वाढते. त्यात 'चांगलं रक्त', 'शुद्ध रक्त' असलं काही नाही. उलट लहान वर्तुळात लग्नं होत राहिली की दुर्मीळ बिघाडाच्या दोन प्रती एकत्र येतात, इतका साधा हिशोब आहे. (वर्षानुवर्षं फिरणाऱ्या त्या 'आपल्या समाजाचं रक्त वेगळं' फॉरवर्डना हे कुणीतरी खाली चिकटवायला हवं.)

तर प्रश्न असा, की बॉम्बे गट भारतात 'इव्होल्यूशनरिली' जास्त आहे, असं म्हणता येईल का? हो, म्हणता येईल! कारण तो वारशाने, पिढ्यांमधून आला आहे. पण 'काहीतरी फायदा होता म्हणून आला' असा त्याचा अर्थ होत नाही. उत्क्रांतीत नैसर्गिक निवड असते तसाच निव्वळ योगायोगही असतो. लहान समूहात एखादं जनुक नशिबाने वाढतं, नशिबानेच नाहीसं होतं. शास्त्रज्ञांच्या भाषेत याला जनुकीय विचलन म्हणतात. रीलमध्ये मात्र योगायोगाला कुणी विचारत नाही, तिथे प्रत्येक गोष्टीला 'त्यामागचं कारण' लागतं.

फायद्याचा पुरावा असतो तेव्हा तो कसा दिसतो, तेही आपल्याच राज्यात आहे. गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेलचा आजार आढळतो. त्या जनुकाच्या दोन प्रती आल्या तर माणूस आजारी पडतो. पण एकच प्रत असेल तर मलेरियाच्या गंभीर झटक्यापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. जगात जिथे मलेरियाचा जोर होता, तिथेच हे जनुक मुख्यतः टिकून आहे, आणि संरक्षण कसं मिळतं याचा थेट अभ्यासही झालेला आहे. इथे 'उत्क्रांतीच्या ओघात फायद्यामुळे टिकलं' हे वाक्य ठामपणे लिहिता येतं.

आणि गंमत म्हणजे ज्या ए-बी-ओ मजल्यांबद्दल आपण बोललो, त्यांची गोष्ट बॉम्बे गटापेक्षा पार वेगळी आहे. ए आणि बी हा भेद फक्त माणसात नाही, गिबन माकडांमध्येही आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं, की हा भेद दोघांनी वेगवेगळा कमावलेला नाही, तो निदान दोन कोटी वर्षांपूर्वीच्या सामायिक पूर्वजापासून चालत आलाय. एवढा काळ दोन्ही प्रकार टिकून राहणं योगायोगाने फार अवघड असतं, म्हणून बहुधा रोगजंतूंशी चाललेल्या झटापटीत दोन्हींचा उपयोग होत असावा असं शास्त्रज्ञ मानतात. पाया आणि मजला एकाच पेशीवर, पण एका ठिकाणी निवडीची गोष्ट आणि दुसऱ्या ठिकाणी, जितकं दिसतं तितकं तरी, योगायोगाची. 'इव्होल्यूशनरिली' हा शब्द दोन्हींना लागतो. कोणत्या अर्थाने, ते पुढच्या वाक्यात सांगावं लागतं.

जोडशब्द: हा शब्द कुणाबरोबर फिरतो?

इंग्रजी लेखांत हा शब्द ठरावीक सोबत्यांबरोबर येतो. 'इव्होल्यूशनरिली कन्झर्व्हड' म्हणजे लाखो-कोट्यवधी वर्षांत फारसं न बदललेलं. एखादं जनुक यीस्टपासून माणसापर्यंत जवळपास तसंच असेल, तर ते बिघडलं की जीव तगत नाही असा अंदाज बांधता येतो. हाफकिनमध्ये काय किंवा इतर कुठे काय, माणसाच्या औषधाची चाचणी उंदरावर करण्यात अर्थ आहे तो याच्यामुळेच. आपला आणि उंदरांचा सामायिक पूर्वज आठ-नऊ कोटी वर्षांपूर्वीचा, तरी शरीराची कितीतरी यंत्रणा अजून सारखी आहे.

'इव्होल्यूशनरिली डिस्टिंक्ट' म्हणजे ज्याला आता जवळचे नातेवाईक उरले नाहीत असा जीव. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडचा जांभळा बेडूक हे याचं लाडकं उदाहरण. २००३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, आणि त्याचे सर्वात जवळचे नातेवाईक निघाले थेट सेशेल्स बेटांवर.

'इव्होल्यूशनरिली स्टेबल स्ट्रॅटेजी' ही कल्पना जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या विचारातून आली. बहुतेक सगळे एका पद्धतीने वागत असतील आणि वेगळं वागणाऱ्या मोजक्यांचा त्यात निभाव लागत नसेल, तर ती पद्धत टिकाऊ. लोकलमधली चौथी सीट आठवा, कुठलाही कायदा नसताना सरकून जागा द्यायची पद्धत टिकून आहेच. अर्थात चौथी सीट जनुकांतून येत नाही, त्यामुळे तिला फक्त 'स्टेबल' म्हणा.

'उत्क्रांती' या शब्दाचीही थोडी गडबड आहे

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ गुंडाळी उलगडणं. त्यात वर जाणं नाही, खाली जाणं नाही. डार्विनच्या १८५९ च्या गाजलेल्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत 'इव्होल्यूशन' हा शब्द मुळी नाहीच, फक्त अगदी शेवटचा शब्द 'इव्हॉल्व्हड' आहे. आपल्या 'उत्क्रांती'त मात्र 'उत्' बसला आहे, म्हणजे वर किंवा बाहेर. जुन्या संस्कृत ग्रंथांत उत्क्रांती म्हणजे प्राणाने शरीरातून बाहेर पडणं! आज तो अर्थ कुणाच्या डोक्यात नसतो, पण 'वर चढणं' मात्र शब्दाला चिकटून राहिलंय. म्हणून आपण सहज म्हणतो, "तो अजून उत्क्रांत झालेला नाही," म्हणजे मागासलेला आहे. टीबीचा जंतू औषधाला दाद देईनासा होतो, तीसुद्धा उत्क्रांतीच. पाया हरवलेला बॉम्बे गट, तीही उत्क्रांतीच. त्यात वर चढलं कोण?

शिवाय मराठीत 'क्रांती' आणि 'उत्क्रांती', इंग्रजीत 'रिव्होल्यूशनरी' आणि 'इव्होल्यूशनरी'. घाईत टाइप करताना एक अक्षर सुटलं की पिढ्यानपिढ्यांचा बदल एका रात्रीत होतो. ऑटोकरेक्टवर विसंबू नका.

आता ती रील पुन्हा लावा

सगळ्यात सोपी युक्ती: 'इव्होल्यूशनरिली' काढा आणि त्या जागी 'पिढ्यानपिढ्यांच्या वारशातून' घालून वाक्य वाचा.

"पिढ्यानपिढ्यांच्या वारशातून आपल्याला गोड आवडतं." ठीक वाटतं. पिकलेलं फळ, मध या दुर्मीळ आणि ताकद देणाऱ्या गोष्टी ज्यांना आवडायच्या त्यांचा फायदा होणं शक्य आहे, आणि नवजात बाळही गोड चवीला प्रतिसाद देतं. "आपला मेंदू मोबाईलसाठी बनलेला नाही" हेही खरं, पण त्यात सांगितलं काय? मेंदू लोकल, लिफ्ट आणि गणपतीच्या डीजेसाठीही बनलेला नाही. मोबाईल येऊन माणसाची एक-दीड पिढी झाली, एवढ्यात काही बनत नसतं.

"मी कॉलेजनंतर इव्होल्यूशनरिली बदललो" हे वाक्य वाचूनच हसू येईल, कारण एकटा माणूस पिढ्या नसतो. "आयफोन इव्होल्यूशनरिली सुधारत गेला" हे जाहिरातीत चालेल, पण फोनला पिल्लं होत नाहीत, इंजिनिअर असतात.

राहिले ते शिकारी पुरुष. "पिढ्यानपिढ्यांच्या वारशातून पुरुषाला घरकाम जमत नाही." कोणता गुण वारशाने आला? कशावरून? पेरूमध्ये सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका तरुणीच्या दफनात शिकारीची हत्यारं सापडली, २०२० मध्ये त्यावर संशोधन प्रसिद्ध झालं आणि 'पुरुष शिकारी, बाई कंदमुळं' हे चित्र तितकं साधं नाही यावर पुन्हा चर्चा झाली. आणि समजा, वादासाठी, असा काही कल सापडलाच, तरी 'असं घडत आलं' यातून 'असंच वागावं' हे कसं निघतं? प्लेग उंदरांना छाटत होता हेही नैसर्गिकच होतं. म्हणून हाफकिन लस बनवायचे थांबले नाहीत. त्याच परळ-लालबागमध्ये गिरणीतून आठ तासांची पाळी करून आलेल्या बायका घरी येऊन स्वयंपाकही करायच्या. त्या व्यवस्थेला बरीच कारणं होती, पण त्यातलं एकही पेशीत शोधायची गरज पडत नाही.

लिहायचं कसं, म्हणायचं कसं?

उच्चार ब्रिटिश पद्धतीने 'ईव्हलूशनरली' असा होतो, तर अमेरिकन लोक 'नेरिली'वर जोर देतात. 'इव्होल्यूशनरी स्पीकिंग' असं बरेच जण लिहितात, तिथे 'इव्होल्यूशनरिली स्पीकिंग' हवं. पुढे क्रियापद किंवा विशेषण असेल तर क्रियाविशेषण, नाम असेल तर विशेषण: 'इव्होल्यूशनरिली क्लोज', पण 'इव्होल्यूशनरी हिस्टरी'. 'इव्होल्यूशनली' असंही एक रूप आहे, चूक नाही, फक्त कमी वापरात आहे.

मराठीत लिहिताना मात्र एकाच शब्दावर अडून बसू नका. नातं सांगायचं असेल तर 'उत्क्रांतीच्या दृष्टीने': कुत्रा लांडग्याला उत्क्रांतीच्या दृष्टीने अगदी जवळचा. मार्ग सांगायचा असेल तर 'उत्क्रांतीतून': उंदरांची प्लेगला तोंड द्यायची ताकद उत्क्रांतीतून आली. लांबचा काळ सांगायचा असेल तर 'उत्क्रांतीच्या ओघात': उत्क्रांतीच्या ओघात माणसाचं शेपूट गेलं. या तिन्हीपैकी कोणताच पर्याय वाक्यात बसत नसेल, तर बहुतेक वेळा त्या वाक्यात मुळात 'इव्होल्यूशनरिली'ची गरजच नव्हती.

आणि रक्तगटाचं एक व्यावहारिक सांगायचं राहिलं. तुमच्या कार्डावर 'ओ' असेल आणि रक्तपेढीने कधी "ओ रक्त जुळत नाहीये" असं सांगितलं, किंवा घरात सख्ख्या भावंडाचा बॉम्बे गट निघाला, तर 'एच'ची चाचणी करून घ्या. भावंडांत हा गट असण्याची शक्यता चारात एकाच्या आसपास असते. अशा दुर्मीळ रक्ताचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था, केईएमच्याच आवारात आहे.